हे हात माझे नाहीत

भाकरी थापता थापता धाकटी सून थांबली. पीठ काठवटीत तसंच. म्हणाली, "आई, हे हात माझे नाहीत असं वाटतंय. दुसरंच कुणी थापतंय आणि मी लांबून बघतेय." मी म्हटलं, "मग त्या दुसरीला सांग, तवा जळतोय." सगळे हसले. तीही हसली.

मी तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पोराच्या नुसत्या तोंडाकडे बघून ताप ओळखायची. हे नाही ओळखलं.

पंधरा दिवसांनी थोरलीच्या बाळाचं बारसं होतं. बायका पाळणा म्हणायला लागल्या आणि ही धाडकन पडली. दातखीळ बसलेली, हातपाय ताठ, मान डावी-उजवीकडे हलतेय. कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल नाकाला लावली. चप्पल माझीच होती. पाव तासानं ती उठली, तर मधलं काही आठवेना.

आदल्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं बाळ गेलं होतं. तिला ते दाखवलंही नाही. "बघू नकोस, जीव अडकतो," हे मीच म्हटलं होतं. त्यानंतर घरात त्याचं नाव निघालं नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या. आठ महिने घेतल्या, झटके तसेच. घरात दोन तट पडले. एक म्हणे नाटक, दुसरा म्हणे बाहेरचं. मी सकाळी एकात असायची, संध्याकाळी दुसऱ्यात. एका अमावस्येला देवऋषी आणला आणि त्यानं मिरचीची धुरी दिली. पोरगी खोकून खोकून निळी पडली. भूत उतरवण्यासाठी अशी धुरी देणं महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यावर मी शाळेत परिपाठाला भाषण केलं होतं.

तिला वाचवलं ते थोरल्या मुलाच्या रागानं. तिचं सोंग उघडं पाडायचं म्हणून त्यानं मोबाइलवर झटक्याचा व्हिडिओ काढला. मिरजेच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तो तीनदा पाहिला. "काकू, डोळे बघा. घट्ट मिटलेत. फिटमध्ये ते बहुधा उघडे असतात. फिट सहसा मिनिट-दोन मिनिटांत ओसरते. हे बारा मिनिटं चाललंय, मधेच कमी होतंय, पुन्हा वाढतंय आणि डोळ्यांतून पाणी येतंय." मग डोक्याला तारा लावून, समोर कॅमेरा ठेवून तपासणी झाली. त्यातच झटका आला. मेंदूच्या लहरी फिटच्या नव्हत्या. थोरला खाली मान घालून उभा होता. त्याला डॉक्टर म्हणाले, "नाटक असतं तर मी सांगितलं असतं."

याला डिसोसिएटिव्ह झटके म्हणतात. आठवण, भावना, शरीराचं भान हे सगळं एरवी एका दोऱ्यात ओवलेलं असतं. न पेलणारा ताण आला की मणी सुटे होतात. 1889 मध्ये पिएर जाने या फ्रेंच अभ्यासकानं यावर ग्रंथ लिहिला. पुढे कित्येक वर्षं हिस्टेरिया म्हणून बायकांची कुचेष्टाच झाली. सिनेमामुळे लोकांना वाटतं, एका देहात दोन माणसं म्हणजेच हा आजार. तसाही प्रकार असतो. पण आपल्याकडे जास्त दिसतात ते झटके, एकाएकी गेलेली वाचा, नको असताना अंगात येणं. नवरात्रात आरतीला एखादीच्या अंगात आलं आणि घटकाभरात ती कामाला लागली, तर तो आजार नव्हे.

मागं वळून पाहिलं की खुणा दिसतात. ती तासन्‌तास एका जागी बसायची आणि वेळ कुठे गेला ते सांगता यायचं नाही. एकदा माहेरी निघालेली ती भलत्याच स्टँडवर सापडली, कशी आली ते तिलाच ठाऊक नव्हतं. आमचे आवाज काचेपलीकडून येतात, असंही म्हणायची. आम्ही "लक्ष नसतं हिचं" म्हणत राहिलो.

तुमच्या घरी असं घडलं तर पहिली गोष्ट, झटक्याचा व्हिडिओ काढा. राग म्हणून नको, डॉक्टरांसाठी. पण तो बघून घरीच निवाडा करू नका. एखाद्या खुणेवरून काही ठरत नाही, आणि काहींना खरी फिट आणि हे, दोन्ही असतं. म्हणून गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. आमच्या त्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. झटका आला की गर्दी हटवा, टोकदार वस्तू बाजूला करा, कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका. पहिलीच वेळ असेल किंवा पाच मिनिटांत थांबलं नाही, तर दवाखाना गाठा. मानसोपचाराचं कुठे विचारायचं ते कळत नसेल, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

या झटक्यांवर स्वतंत्र गोळी नाही. असतं ते बोलणं, आणि तेच आमच्या घराला जड. समुपदेशक बाईंनी चौथ्या भेटीत मलाही आत बोलावलं. बाळाचे केस कसे होते, एवढंच सुनेनं विचारलं. पाहिलं होतं ते मीच. काळे, दाट, कपाळावर चिकटलेले.

झटके अजून अधूनमधून येतात. परवा पीठ मळताना म्हणाली, "आई, हात जायला लागले." मी माठातल्या गार पाण्यानं तांब्या भरला आणि तिच्या ओंजळीत दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. तव्यावरची भाकरी करपली, ती मी खाल्ली.