एअरफायबर चांगलं, म्हणून शेअरही चांगला? आधी या 4 गोष्टी बघा



सायवनसारख्या डोंगराळ भागात, पाड्यापाड्यांत विखुरलेल्या घरांपर्यंत केबल ओढणं महाग पडतं. फिक्स्ड वायरलेसमध्ये टॉवरचा सिग्नल घराबाहेरचा अँटेना पकडतो आणि आत वायफाय चालतं. ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकणाऱ्याला ही सोय कामाची. मग मनात येतं, "याच कंपनीचा शेअर घेऊन टाकू का?" जरा थांबा. ग्राहक फक्त सेवा बघतो. शेअर घेणारा त्या धंद्यात भागीदार होतो.

आपल्याकडे मुख्य स्पर्धा दोघांची. एअरटेलने ऑगस्ट 2023 मध्ये दिल्ली आणि मुंबईत सुरुवात केली. जिओ एअरफायबर 19 सप्टेंबर 2023 ला, गणेश चतुर्थीला, मुंबई-पुण्यासह 8 शहरांत आलं.

1. तुमचा पैसा जातो कुठे?
रिलायन्स इंडस्ट्रीजच्या शेअरमध्ये जिओसोबत तेल शुद्धीकरण, पेट्रोकेमिकल आणि रिटेल दुकानंही येतात. भारती एअरटेल मुख्यतः दूरसंचार कंपनी, पण तिच्यात आफ्रिकेतल्या 14 देशांचा धंदाही आहे. म्हणजे दोन्हीकडे एअरफायबर हा मोठ्या धंद्याचा एक तुकडा.

2. एका ग्राहकामागे महिन्याला किती मिळतं?
याला 'आर्पू' म्हणतात. नुसती जोडण्यांची संख्या बघून भुलू नका. एक घर एका मोबाइलपेक्षा कितीतरी जास्त डेटा ओढतं आणि टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. ग्राहक वाढले की खर्चही वाढतो.

3. डोक्यावर बोजा किती?
2022 च्या लिलावात जिओने 88,078 कोटींचं, तर एअरटेलने 43,084 कोटींचं स्पेक्ट्रम घेतलं. एवढी रक्कम वसूल व्हायला वर्षं लागतात. म्हणून नफ्याच्या शेजारी कर्जाचा आकडा ठेवूनच वाचा.

4. भाव महाग की स्वस्त?
समजा शेअर 1,000 रुपयांना आहे आणि वर्षाला शेअरमागे कमाई 20 रुपये. 1,000 भागिले 20 म्हणजे 50. हाच पीई. दुसऱ्या कंपनीचा 25 असेल, तर पहिलीत त्याच एका रुपयाच्या कमाईसाठी तुम्ही दुप्पट मोजताय. पहिली तेवढ्या जोरात वाढणार आहे का, हे आधी तपासा.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: दुकानाचं खेळतं भांडवल शेअरमध्ये घालू नका. प्रिंटर बिघडला त्याच आठवड्यात भाव पडला असेल, तर तोट्यात विकावं लागेल. आधी 6 महिन्यांचा खर्च बाजूला काढा; उरलेल्यातूनच पुढचा विचार.

गृहपाठ: दोन्ही कंपन्यांचे मागच्या 4 तिमाहींचे निकाल उघडा आणि आर्पू, नफा, कर्ज, पीई वहीत शेजारी-शेजारी लिहा. वही भरल्याशिवाय खरेदीचं बटण दाबायचं नाही!