ब्राउझरची पारख

वरणगाव हे जळगाव जिल्ह्याच्या भुसावळ तालुक्यातील, तापीच्या खोऱ्यात वसलेले गाव. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो आणि सुरतेकडून नागपूरकडे जाणारा महामार्गही येथूनच पुढे जातो. वरणगावच्या माणसाला जळगावी जावयाचे असेल, तर तो आगगाडीने जाईल, एस. टी. ने जाईल किंवा स्वतःच्या मोटारसायकलीने जाईल. कोणत्याही वाहनाने गेले तरी जळगाव तेच. मात्र भाडे निराळे, वेळ निराळा, सोबत निराळी आणि ओझे नेण्याची सोयही निराळी. म्हणून शहाणा प्रवासी ‘सर्वांत चांगले वाहन कोणते?’ असे विचारीत बसत नाही. आपले काम कोणते, जवळ पैसे किती व ओझे किती, हे तो आधी पाहतो आणि मग वाहन ठरवतो.

स्मार्टफोनवरील ब्राउझरांची गोष्ट अशीच आहे. फोनच्या पडद्यावर आपण विश्वकोशातील नोंद वाचतो, रेल्वेचे वेळापत्रक पाहतो, शेताचा सातबारा शोधतो. ही पाने फोनमध्ये साठवलेली नसतात. ती दूरच्या संगणकांवर असतात. अशा संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात. ब्राउझर हा या पानांपर्यंत आपल्याला नेणारा कार्यक्रम होय. त्याला पत्ता दिला, की तो सर्व्हरकडे मागणी धाडतो आणि उत्तरादाखल आलेले संकेत वाचून त्यांचे पान पडद्यावर मांडतो. मराठीत कोणी त्यास ‘न्याहाळक’ असेही म्हणतात. परंतु ब्राउझर हाच शब्द अधिक रूढ झाला आहे.

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९९० मध्ये तयार केला. त्या वेळी ते स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत काम करीत होते. १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र साऱ्या जगाला विनामूल्य खुले केले आणि निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळे ब्राउझर रचले. ॲपल कंपनीचा सफारी २००३ मध्ये, मोझिला या संस्थेचा फायरफॉक्स २००४ मध्ये आणि गूगल कंपनीचा क्रोम २००८ मध्ये आला. क्रोम अँड्रॉइड फोनवर आला तो २०१२ मध्ये.

पान मांडण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. मराठीच्या बाबतीत तर मुळीच नाही. ‘वि’ हे अक्षर संगणकात साठवताना आधी ‘व’ आणि मागाहून वेलांटी अशा क्रमाने साठवले जाते. पडद्यावर मात्र वेलांटी आधी उमटावी लागते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. या दोन शब्दांतील भेद एका ‘र’च्या रूपावर उभा आहे. मांडणाऱ्याने तेथे चूक केली, तर सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र शिरावयाचा! युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीपासून देवनागरीला स्थान मिळाले. तरीही पुढे कित्येक वर्षे अनेक मराठी संकेतस्थळे आपापला निराळा टंक वापरीत आणि तो टंक वाचकाच्या संगणकावर नसला, की मराठीऐवजी अर्थहीन चिन्हे दिसत. आज ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. परंतु ब्राउझर पारखताना मराठी पान नीट उमटते की नाही, ही आपली पहिली कसोटी असली पाहिजे.

पान मांडणारा जो भाग ब्राउझरच्या पोटात असतो, त्याला ‘इंजिन’ म्हणतात. येथे एक नवल दिसते. बाजारात ब्राउझर पुष्कळ. पण प्रमुख इंजिने तीनच. गूगलचे ‘ब्लिंक’, ॲपलचे ‘वेबकिट’ आणि मोझिलाचे ‘गेको’. अँड्रॉइड फोनवर क्रोम, मायक्रोसॉफ्टचा एज, सॅमसंगचा ब्राउझर, ब्रेव्ह हे सारे ब्लिंकवर चालतात. फायरफॉक्स गेकोवर चालतो. आयफोनवर इतरांनी आपले इंजिन आणू नये, असा ॲपलचा नियम दीर्घकाळ होता. युरोपीय संघात २०२४ पासून तो सैल झाला. भुसावळच्या परिसरातील मुलांना, जेथे रेल्वेचे मोठे लोकोशेड आहे, हे चटकन समजेल. डब्यांचे रंग बदलले, तरी इंजिन तेच असेल तर गाडीच्या वेगात फार अंतर पडत नाही. तेव्हा एकाच इंजिनाच्या दोन ब्राउझरांत ‘हा विजेसारखा आणि तो गोगलगाय’ असे कोणी सांगू लागला, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. खरा फरक पुष्कळदा इंजिनाभोवतीच्या व्यवस्थेत असतो.

या व्यवस्थेची पहिली बाब म्हणजे डेटाचा खर्च. घरात एकच फोन, रोजचा डेटा मोजका आणि अभ्यास करणारी भावंडे दोघे-तिघे, अशी स्थिती पुष्कळ घरांत असते. धाकट्याने दुपारीच डेटा संपवला, तर थोरलीचा अभ्यास रात्री अडतो. ऑपेरा मिनी हा ब्राउझर २००६ मध्ये जगभर उपलब्ध झाला, तो अशाच गरजेतून. त्याच्या बचतीच्या पद्धतीत पान थेट फोनवर येत नाही. ते आधी ऑपेराच्या सर्व्हरवर जाते, तेथे आवळून लहान केले जाते आणि मग फोनवर येते. त्यामुळे डेटा पुष्कळ वाचतो. परंतु पान मधल्या एका घरातून फिरून येते आणि आवळण्याच्या क्रियेत काही अर्ज वा बटणे निकामी होऊ शकतात. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला. असा उतारा काढताना किंवा पैसे भरताना ही बचत बंद ठेवणेच बरे. बातम्या वाचताना मात्र तीच बचत उपकारक ठरते.

दुसरी बाब फोनच्या स्मृतीची. उघडलेले प्रत्येक पान स्मृतीत जागा अडवते. जुन्या, कमी स्मृतीच्या फोनवर वीस पाने उघडी ठेवली, तर कोणताही ब्राउझर रखडेल. पुष्कळदा ब्राउझर बदलण्यापेक्षा नको असलेली पाने बंद करणे हाच खरा उपाय असतो.

तिसरी बाब अधिक नाजूक आहे. वाचक पान वाचतो, त्याच वेळी पानावरील जाहिरातींची यंत्रणा वाचकाकडे पाहत असते. ‘कुकी’ नावाच्या लहान खुणांवरून कोणी काय वाचले याचा माग काढता येतो. फायरफॉक्स आणि ब्रेव्ह अशा मागावर राहणाऱ्या अनेकांना आपण होऊन अडवतात. क्रोम ज्या कंपनीचा आहे, तिचे बहुतेक उत्पन्न जाहिरातींतून येते, हे तो वापरताना ध्यानात असावे. कित्येकांना वाटते, की ब्राउझरची ‘गुप्त खिडकी’ उघडली की आपण अदृश्य झालो. तसे नसते. गुप्त खिडकी वाचलेल्या पानांची यादी फोनमध्ये ठेवीत नाही, एवढेच. ज्या संकेतस्थळावर आपण गेलो त्याला, आणि जोडणी पुरवणाऱ्या कंपनीला, आपली भेट कळू शकते.

चौथी बाब म्हणजे ब्राउझर कोणाचा आणि त्याच्यावर विसंबावे किती. चीनमधील अलिबाबा समूहाचा यूसी ब्राउझर भारतात एकेकाळी फार लोकप्रिय होता. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. त्यांत तोही होता. क्रोममध्येही डेटा वाचवण्याची एक सोय होती. ती २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. यावरून दिसते, की काल केलेली तुलना आज खरी असेलच असे नाही.

फोनबरोबर आलेला ब्राउझरच बहुतेक लोक वापरतात. दुसराही घेता येतो, हे कित्येकांच्या गावीही नसते. ही गोष्ट एवढी महत्त्वाची आहे, की ती भारतीय स्पर्धा आयोगापुढे आली. अँड्रॉइड फोनवर गूगलची ॲप आधीच बसवून देण्याची सक्ती स्पर्धेला बाधक आहे, असे ठरवून आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्या निर्णयात ब्राउझरच्या बाजारपेठेचाही विचार होता. भारतातही ब्राउझर तयार व्हावा म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये स्पर्धा जाहीर केली. २०२५ मध्ये तिचे पहिले पारितोषिक, एक कोटी रुपये, झोहो या भारतीय कंपनीच्या ‘उला’ या ब्राउझरला मिळाले. ‘उला’ या तमिळ शब्दाचा अर्थ प्रवास असा आहे. त्याचे इंजिन मात्र ब्लिंकच आहे.

आता प्रत्यक्ष पारख कशी करावी? बैल घेताना शेतकरी विकणाऱ्याच्या बोलण्यावर जात नाही. तो दात पाहतो, चालवून पाहतो, जू मानेवर ठेवून पाहतो. ब्राउझरही तसाच चालवून पाहावा. पण पारख न्यायाची व्हावी, यासाठी एक नियम कसोशीने पाळावा लागतो. ब्राउझर तेवढा बदलावा. बाकी सारे तेच ठेवावे. फोन तोच, जागा तीच, पान तेच आणि वेळही शक्य तितकी तीच. एका ब्राउझरची परीक्षा पहाटे घेतली आणि दुसऱ्याची रात्री, सारे गाव फोन हाती घेऊन बसल्यावर, तर परीक्षा ब्राउझरची न होता वेळेची होते.

समजा, मराठी विश्वकोशातील एक मोठी नोंद निवडली. ती प्रत्येक ब्राउझरने उघडावी आणि पूर्ण दिसण्यास किती सेकंद लागले ते घड्याळात पाहावे. कोणत्या ॲपने किती डेटा खर्च केला, हे फोनच्या सेटिंगमध्ये दिसते; तो आकडा आधी व नंतर लिहून घ्यावा. येथे एक फसगत संभवते. एकदा उघडलेले पान ब्राउझर आपल्याजवळ साठवून ठेवतो, म्हणून दुसऱ्यांदा तो झटकन दाखवतो. पहिल्या ब्राउझरची नवी फेरी आणि दुसऱ्याची साठवलेल्या पानाची फेरी यांची तुलना केली, तर निकाल खोटा येईल. म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी साठवण पुसावी. एकाच फेरीवर विसंबू नये. निदान तीन फेऱ्या घ्याव्यात आणि ब्राउझरांचा क्रमही बदलावा. शेवटी वहीत पाच रकाने आखावेत : वेळ, डेटा, मराठी अक्षरांची शुद्धता, अर्ज व बटणे चालतात की नाही, आणि माग काढणाऱ्यांना अटकाव होतो की नाही.

असा तक्ता पूर्ण झाला, की बहुधा एक गोष्ट दिसून येईल. सर्व रकान्यांत पहिला येणारा ब्राउझर सापडत नाही. ज्याचा डेटा कमी, त्याचे अर्ज अडतात. ज्याचे अर्ज चालतात, तो माग काढणाऱ्यांना रोखीलच असे नाही. मग एका कामाला एक आणि दुसऱ्या कामाला दुसरा, असे दोन ब्राउझर ठेवावयासही हरकत नसते. फक्त कोणताही घेतला तरी तो अधिकृत ॲप-भांडारातूनच घ्यावा आणि त्याची नवी आवृत्ती आली की बसवावी. कारण जुन्या आवृत्तीतील उणिवांतूनच चोर आत शिरतो.

ही एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने एके काळी जवळजवळ सर्व प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. त्याची सहावी आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि सातवी निघण्यास २००६ साल उजाडले. स्पर्धा उरली नव्हती, म्हणून घाईही नव्हती. दरम्यान पुष्कळ संकेतस्थळे त्या एकाच ब्राउझरसाठी लिहिली गेली आणि इतरांत ती नीट उघडत नसत. फायरफॉक्स आला, लोकांनी तो स्वतः वापरून पाहिला आणि मगच हे साचलेले पाणी पुन्हा वाहू लागले. इंटरनेट एक्सप्लोरर २०२२ मध्ये निवृत्त झाला.

आज ब्लिंक या एकाच इंजिनावर पुष्कळ ब्राउझर विसंबून आहेत. अशा वेळी वरणगावच्या एखाद्या घरी वही-घड्याळ घेऊन तीन ब्राउझर तपासणारी मुले फोनचा डेटा तर वाचवतातच. त्याबरोबर ती निवडीचा हक्कही वापरीत असतात. समोर आले ते मुकाट्याने घेण्यात सोय असते. पारखून घेण्यात थोडे कष्ट पडतात. पण त्या कष्टांतूनच माणूस आपल्या वस्तूचा धनी होतो.

स्वाध्याय

१. ब्राउझर आणि इंजिन यांतील फरक पाठातील आगगाडीच्या उदाहरणावरून सांगा.
२. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा. असाच भेद असलेली आणखी एक जोडी शोधा.
३. प्रत्येक फेरीपूर्वी साठवण का पुसावी?
४. ‘स्पर्धा उरली नव्हती, म्हणून घाईही नव्हती.’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
५. उपक्रम : वडीलधाऱ्यांच्या संमतीने घरच्या फोनवर दोन ब्राउझरांची पारख करा. पाच रकान्यांचा तक्ता भरा आणि आपला निष्कर्ष दहा ओळींत लिहा.