डीव्हीडीतला आवाज मोबाइलमध्ये कसा आणायचा?



दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्या इंझोरीत आणि आसपासच्या गावांत साक्षगंध, हळद, लग्न, डोहाळजेवण काहीही असलं की शूटिंगवाला यायचा आणि नंतर डीव्हीडी करून द्यायचा. ती डीव्हीडी आता कुठे आहे? पेटीत, आलमारीत, नाहीतर देव्हाऱ्याच्या मागे. प्लेअर केव्हाच बिघडला, त्यामुळे ती कोणी लावत नाही.

पण त्या डीव्हीडीत हळदीला गाणाऱ्या आजी आहेत, भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या काकू आहेत, तांड्यावरच्या बाया लेंगी गातात तो आवाज आहे. यातल्या कितीतरी जणी आज आपल्यात नाहीत. गाण्याचे शब्द एखाद्या वहीत सापडतील, पण आवाज त्या चकतीतच आहे. म्हणून या पाठात डीव्हीडीतला फक्त आवाज वेगळा काढून मोबाइलमध्ये ठेवायला शिकू या. यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

घाई कशाला करायची?

घरी भरलेल्या डीव्हीडीत एक रंगाचा पातळ थर असतो. त्याच थरात सगळं नोंदलेलं असतं. ऊन, उकाडा आणि ओल यांनी तो खराब होतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरात पेटी किती तापते, हे तुम्हाला सांगायला नको. चकती वरून चांगली दिसली तरी आतून खराब झालेली असू शकते.

फक्त आवाजच का काढायचा?

कारण तो हलका असतो. एका डीव्हीडीत 4.7 जीबीपर्यंत माल बसतो. एक तासाचा आवाज एमपीथ्री केला तर साधारण 60 एमबीत मावतो, म्हणजे एका मिनिटाला सुमारे 1 एमबी. मेमरी कार्ड असलेल्या बटणाच्या फोनवरसुद्धा तो ऐकता येतो.

काय काय लागेल?

1. डीव्हीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर. नव्या लॅपटॉपला हा ड्राइव्ह नसतो. शाळा, ग्रामपंचायत किंवा फोटो स्टुडिओत जुना कॉम्प्युटर असेल तर विचारा. वायरीने जोडायचा वेगळा ड्राइव्हही मिळतो. एकटीने घेण्यापेक्षा ग्रामसंघाने एक घेतला तर सगळ्या गटांना चालेल.
2. व्हीएलसी नावाचं सॉफ्टवेअर. फ्रान्समधल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून ते तयार झालं आणि 2001 पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. ते व्हिडिओलॅन डॉट ओआरजी या साइटवरूनच घ्या. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर समजा, साइट खोटी आहे.
3. पेनड्राइव्ह, वही आणि पेन. वही कशाला, ते पुढे सांगते.

आता करायचं कसं?

पायरी 1 : डीव्हीडी मऊ सुती कापडाने पुसा. गोल गोल नाही, मधून कडेकडे सरळ पुसायची. मग ड्राइव्हमध्ये टाका.

पायरी 2 : व्हीएलसी उघडा. वर डाव्या कोपऱ्यात 'मीडिया' आहे. त्यात 'कन्व्हर्ट / सेव्ह' दाबा.

पायरी 3 : खिडकी उघडेल. वरच्या पट्टीत 'डिस्क' निवडा. 'डीव्हीडी'वर खूण करा आणि 'नो डिस्क मेनूज' या चौकोनातही खूण करा.

पायरी 4 : खाली 'टायटल' आहे, तिथे 1 करा. एखाद्या प्रशिक्षणाच्या डीव्हीडीत मराठी आणि हिंदी असे दोन आवाज असतील तर 'ऑडिओ ट्रॅक'चा आकडा बदलून बघा. घरच्या डीव्हीडीत बहुतेक वेळा एकच आवाज असतो. मग खालचं 'कन्व्हर्ट / सेव्ह' बटण दाबा.

पायरी 5 : 'प्रोफाइल'मध्ये 'ऑडिओ - एमपीथ्री' निवडा. 'ब्राउज' दाबून फाइल कुठे ठेवायची ते सांगा आणि तिला नाव द्या. नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहा. नावाच्या शेवटी टिंब आणि एमपीथ्री आहे ना, ते बघा.

पायरी 6 : 'स्टार्ट' दाबा. पडद्यावर चित्र दिसणार नाही, आवाजही येणार नाही. घाबरू नका, खालची पट्टी पुढे सरकत असली की काम चालू आहे. कधी कधी डीव्हीडी जेवढी लांब, तेवढाच वेळ लागतो. मधेच बंद करू नका.

पायरी 7 : झालेली फाइल सुरुवातीला, मधे आणि शेवटी ऐकून बघा. ती रिकामी निघाली किंवा नुसतं सुरुवातीचं संगीत आलं तर 'टायटल'चा आकडा 2, 3 करून परत करा.

एकेक गाणं वेगळं कापायचं असेल तर ऑडॅसिटी हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर वापरा. चार मिनिटांचं गाणं 4 एमबीच्या आसपास होतं, ते व्हॉट्सअॅपवर सहज जातं.

एक अडचण आधीच सांगते

लग्नाच्या बऱ्याच डीव्हीडींत शूटिंगवाला वरून सिनेमाचं गाणं टाकतो. ते गाणं आणि आजीचा आवाज एकत्र मिसळलेला असतो. वरच्या पद्धतीने तो वेगळा होत नाही. अशा वेळी स्टुडिओत जाऊन मूळ शूटिंग किंवा कॅसेट शिल्लक आहे का, ते विचारा. स्टुडिओवालेही जुना माल काढून टाकतात, म्हणून लवकर विचारा.

वही कशाला?

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी बायांच्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड झाल्या. 'पारी' ही संस्था 2017 पासून त्या इंटरनेटवर देत आहे. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. त्यामुळे शेतात राबणाऱ्या बाईचं नाव तिच्या ओवीसोबत राहिलं.

आपणही प्रत्येक फाइलसाठी वहीत चार गोष्टी लिहायच्या : कोण गातंय, गाव कोणतं, प्रसंग कोणता, साल कोणतं. आज आवाज ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बाया आहेत, तोवरच हे होईल.

हे पाळा

- गाणारीला, ती नसेल तर तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय फाइल कोणत्याही ग्रुपवर टाकू नका.
- हे फक्त घरच्या आणि गटाच्या डीव्हीडीसाठी आहे. विकत घेतलेल्या सिनेमाची किंवा गाण्यांची कॉपी वाटणं, विकणं कायद्यात बसत नाही.
- फाइल तीन ठिकाणी ठेवा : मोबाइल, पेनड्राइव्ह आणि ग्रामसंघाचा कॉम्प्युटर. मोबाइल हरवतो, बिघडतो.
- काम झालं म्हणून डीव्हीडी फेकू नका.

गटाच्या बैठकीत बोलायला

1. आपल्या गटात कोणाकोणाकडे अशा डीव्हीडी आहेत? यादी करा.
2. त्यात कोणत्या बाईचा आवाज आहे, जी आज नाही? ती डीव्हीडी सगळ्यात आधी घ्या.
3. गटातल्या कोणत्या मुलीला कॉम्प्युटर येतो? तिला सोबत बसवा, पण बटण तुम्हीच दाबा.

भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीपर्यंत असते. यंदा पोरी गाणी म्हणायला बसल्या की आपण मोबाइलवर त्यांच्या आजीचा आवाज लावून देऊ शकतो. त्यासाठी पेटी आताच उघडा.

तुमची,
प्रभाग समन्वयक