दिवसाचा संदेश

एकच मोठा संगणक अनेकांनी वापरावयाचा, म्हणजे त्या सर्वांना काही समान सूचना देणे ओघानेच येते. यंत्र दुपारी दुरुस्तीसाठी बंद राहील, अमुक आज्ञेची पद्धत बदलली आहे, साठवणीची जागा अपुरी पडू लागल्याने जुन्या फाइली काढून टाकाव्यात, अशा स्वरूपाच्या या सूचना असतात. वापरकर्ते एकाच दालनात बसत असतील, तर भिंतीवरील फलकावर कागद डकवून काम भागते. परंतु निरनिराळ्या इमारतींतून तारेने जोडल्या गेलेल्या मंडळींना तो फलक दिसणार कोठून? या अडचणीतून ‘दिवसाचा संदेश’ ही सोय निर्माण झाली. वापरकर्ता आपले नाव व परवलीचा शब्द टंकून संगणकात प्रवेश करतो आणि त्याची पहिली आज्ञा स्वीकारण्यापूर्वी संगणक त्याला हा संदेश दाखवितो.

सोयीची रचना अगदी साधी आहे. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित होत गेलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीत संदेशासाठी एक मजकुराची फाइल राखलेली असते. ‘मेसेज ऑफ द डे’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ‘एमओटीडी’ असे पडले. ती वाचण्याची मुभा सर्वांना, बदलण्याचा अधिकार मात्र केवळ व्यवस्थापकाला. या फाइलीत जे असेल ते प्रवेशाच्या वेळी जसेच्या तसे दाखवावयाचे, इतकेच काम. मजकूर योग्य आहे की नाही, याची शहानिशा कोणीही करीत नाही. प्रवेश करून आधीच कामाला लागलेल्यांना अर्थातच हा संदेश दिसत नाही. त्यांच्यासाठी ‘वॉल’ नावाची वेगळी आज्ञा असून तिच्यामुळे व्यवस्थापकाचा मजकूर त्या क्षणी काम करीत असलेल्या सर्वांच्या पुढ्यात एकदम अवतरतो. रोज तेच ते वाचून कंटाळलेल्यांचाही विचार झालेला आहे. ‘हशलॉगिन’ नावाची रिकामी फाइल आपल्या संग्रहात ठेवली, की अनेक युनिक्स प्रणालींवर संदेश गप्प राहतो. लांबलचक संदेश कोणी वाचीत नाही, हे व्यवस्थापकांना फार लवकर उमगले असले पाहिजे.

अशा निरुपद्रवी सोयीतून काय अनर्थ ओढवू शकतो, याचा प्रत्यय युनिक्सच्याही आधी येऊन गेला होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली ‘सीटीएसएस’ ही कालविभागणी प्रणाली तयार झाली. तिचे पहिले प्रात्यक्षिक १९६१ साली झाले. पुढे आयबीएम ७०९४ या यंत्रावर ती अनेकांना एकाच वेळी वापरता येऊ लागली. प्रत्येकाला स्वतंत्र परवलीचा शब्द असे आणि हे सर्व शब्द एका फाइलीत उघड अक्षरांत लिहून ठेवलेले असत.

त्या दशकाच्या मध्यास एका शुक्रवारी सायंकाळी पाचच्या सुमारास विलक्षण प्रकार घडला. प्रवेश करणाऱ्या प्रत्येकासमोर दिवसाच्या संदेशाऐवजी सर्व वापरकर्त्यांच्या परवलीच्या शब्दांची यादी टंकित होऊ लागली. एका चाणाक्ष वापरकर्त्याने हे पाहताच यंत्राला अशी एक सूचना दिली की तिच्या आवर्तनात ते जागच्या जागी अडकून पडले. संपूर्ण संगणक बंद पाडणे हाच त्या क्षणी खरा उपाय होता. परंतु तोवर व्हावयाचे ते होऊन गेले होते. त्या काळची टोके म्हणजे कागदावर छापणारी टंकयंत्रे होत. एकदा कागदावर उमटलेली यादी परत घेता येत नाही. त्यामुळे सर्वांचे परवलीचे शब्द बदलण्यात व्यवस्थापकांचे पुढील कित्येक तास गेले.

यामागे कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. मजकूर दुरुस्त करणारा ‘संपादक’ हा कार्यक्रम मूळ फाइलीची कच्ची प्रत करी आणि त्या प्रतीला नेहमी एकच ठरावीक नाव देई. एका संग्रहात एका वेळी एकच माणूस काम करणार, असे गृहीत धरून ही योजना केलेली होती व प्रारंभी ते खरेही होते. पुढे सोयीखातर व्यवस्थापकांच्या सामाईक संग्रहात एकाहून अधिक जणांना एकदम प्रवेश देण्यात आला. संपादक कार्यक्रमाची या दृष्टीने फेरतपासणी झाली नाही. त्या दिवशी एक व्यवस्थापक परवलीच्या शब्दांची फाइल दुरुस्त करीत होता, तर दुसरा दिवसाचा संदेश लिहीत होता. एकाच कचेरीतील दोन कारकुनांनी आपापले मसुदे एकाच नावाच्या कप्प्यात ठेवावेत, तसे झाले. कच्च्या प्रतींची अदलाबदल झाली आणि जे अत्यंत गुप्त तेच सार्वजनिक फलकावर लागले.

कॉर्बाटो यांना १९९० सालचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या व्याख्यानात त्यांनी स्वतःच ही हकीकत सांगितली. प्रमाद लपविण्याऐवजी तो अभ्यासाचा विषय करण्याची ही वृत्ती दुर्मिळच म्हणावी लागेल. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनीही परवलीच्या शब्दांच्या सुरक्षिततेवरील १९७९ सालच्या आपल्या निबंधात हिचा उल्लेख केला आहे. यादी कितीही जपली तरी ती कधी ना कधी उघडी पडणार, तेव्हा ती उघडी पडली तरी कोणाच्या हाती काही लागू नये, अशी त्यांची भूमिका. म्हणून परवलीचा शब्द मूळ रूपात न साठविता त्याचे असे रूपांतर साठवावयाचे की त्यावरून उलट मूळ शब्द काढणे व्यवहारात जवळजवळ अशक्य व्हावे. ही कल्पना केंब्रिज येथे रॉजर नीडहॅम यांनी त्याआधीच योजिली होती. युनिक्समध्ये तिला प्रत्येक शब्दागणिक बारा द्विमान अंकांच्या यादृच्छिक ‘मिठाची’ जोड मिळाली. त्यामुळे एकच शब्द निवडणाऱ्या दोघांच्या नोंदीही सहसा सारख्या दिसत नाहीत.

संदेशाची फाइल आणि वापरकर्त्यांच्या नोंदींची फाइल युनिक्समध्ये आजही ‘ईटीसी’ या एकाच संग्रहात शेजारी शेजारी नांदतात. फरक इतकाच, की नोंदींच्या फाइलीत आता परवलीचे शब्द सहसा नसतात. त्यांची रूपांतरे केवळ व्यवस्थापकाला वाचता येईल अशा निराळ्या फाइलीत ठेवलेली असतात. नोंदींची फाइल दुरुस्त करावयाची असेल तर त्यासाठी ‘व्हीआयपीडब्ल्यू’ नावाची खास आज्ञा आहे. ती प्रथम त्या फाइलीला कुलूप घालते. पहिल्या व्यवस्थापकाचे काम संपेपर्यंत तीच आज्ञा देणाऱ्या दुसऱ्याला ताटकळत बसावे लागते.