मुंबईचे घर आणि गोव्याचा कायदा

कायदा विधिमंडळात जन्मतो, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण वाचतोच. परंतु त्याच्या शब्दांचा नेमका अर्थ कोणता आणि त्याची सत्ता कोठवर पोहोचते, हे पुष्कळदा न्यायासनासमोर ठरते. आपल्या संविधानाच्या १४१ व्या अनुच्छेदान्वये सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. गोमंतकीयांच्या घरादाराशी निगडित असा याचा एक दाखला पाहू.

गोव्याच्या एका ख्रिस्ती गृहस्थाने १९५१ साली मुंबईत मालमत्ता विकत घेतली. त्याला तीन मुली. मृत्युपत्राने त्याने ती मालमत्ता धाकटीला दिली आणि १९६७ साली तो निवर्तला. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याला तसे करण्याची पूर्ण मोकळीक होती. गोव्यात मात्र १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालत असे. तिच्यानुसार बापाच्या मिळकतीचा निम्मा भाग मुलांसाठी राखीव. मृत्युपत्रानेही त्याला धक्का लावता येत नाही. (आमच्याकडे वाटणीचा विषय निघाला की वृद्धांच्या तोंडी हमखास येणारा ‘इन्व्हेंतार’ हा शब्द याच व्यवस्थेतला.) मग मुंबईच्या घराला कोणता कायदा लावावा?

स्थावर जेथे, तेथील कायदा, असा सर्वसाधारण नियम आहे. तो लावला असता तर धाकटीचीच सरशी होती. परंतु १३ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती दीपक गुप्ता व अनिरुद्ध बोस यांनी निराळी दिशा धरली. तो नियम दोन देशांच्या कायद्यांत विरोध आला म्हणजे उपयोगी पडतो. येथे दोन देश आहेतच कोठे? १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या अधिनियमाने संसदेने तेथील जुने कायदे पुढे चालू ठेवले. त्यामुळे संहितेचे मूळ परकीय असले, तरी तिचा अधिकार संसदेपासून आलेला. अर्थात ती भारतीय कायदाच ठरते. म्हणून गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची मिळकत भारतात कोठेही असो, तिची वाटणी या संहितेप्रमाणेच व्हावयाची. उलट ठरले असते तर गोव्यातील जमीन विकून बाहेर घर घ्यावे आणि मुलांचा राखीव वाटा बुडवावा, ही पळवाट मोकळीच राहिली असती. मला हा युक्तिवाद निर्विवाद वाटतो.

व्यापाराच्या क्षेत्रात मात्र याच सत्तांतराचा परिणाम वेगळा झाला. पोर्तुगीज राजवटीने दिलेले आयात परवाने भारत सरकारने मानावेत, अशी मागणी एका व्यापाऱ्याने केली. ती १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. जुन्या राजसत्तेने दिलेले हक्क नव्या सत्तेने मान्य केले तरच टिकतात, हे त्या निकालाचे सार.

२०१९ च्या निकालात आणखी एक मजकूर आहे. समान नागरी संहितेसाठी देशात प्रयत्न झाला नाही, अशी खंत व्यक्त करून न्यायालयाने गोव्याचे उदाहरण गौरवाने दिले. विद्यार्थ्यांनी येथे सावधपणे वाचावे. वाद सोडवण्यास हे मत आवश्यक नव्हते. अशा प्रासंगिक मताला मान असतो, पण निर्णयाच्या आधारभूत तत्त्वाचे बंधन त्याला नसते.

संहितेतील वारसाविषयक भागाची जागा आता गोवा विधानसभेच्या २०१२ च्या अधिनियमाने घेतली असून तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. मुलांचा राखीव वाटा त्यातही कायम आहे.