शिक्षकांची टंचाई : कारणे आणि आपले कर्तव्य

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात विद्यार्थ्याइतकाच शिक्षकाचाही विचार आहे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, त्याचे मासिक वेतन बारा रुपयांहून कमी नसावे, मोठ्या गावांत ते पंधरा ते वीस रुपये असावे, असे त्यांनी सुचविले. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल अशी कामे शिक्षकाकडे दिल्यास त्याची प्रतिष्ठा वाढेल, असेही त्यांचे मत होते. शाळा उघडणे वेगळे आणि शाळेत शिक्षक टिकविणे वेगळे, हे जोतीरावांनी ओळखले होते. आज आपल्या नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात तोच प्रश्न पुन्हा मांडावा लागत आहे.

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला, मंजूर पद रिक्त राहणे; दुसरा, नेमलेला शिक्षक न टिकणे. दोहोंची कारणे वेगळी असली, तरी परिणाम एकाच मुलावर होतो.

पदे रिक्त राहण्याचे मूळ भरतीच्या इतिहासात आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर विशेष पटपडताळणी झाली आणि अनेक ठिकाणचा बोगस पट उघडकीस आला. त्यानंतर मे २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरतीवर निर्बंध घातले. पट फुगविला तो काही संस्थाचालकांनी. शिक्षा मात्र खऱ्या पटावरील मुलांना झाली. निवृत्ती दरवर्षी होतच राहिली, नेमणुका थांबल्या. २०१७ मध्ये ‘पवित्र’ प्रणाली आली. नेमणुकीसाठी ‘देणगी’ मागण्याच्या प्रथेला तिने आळा घातला आणि गरिबाच्या गुणवान मुलामुलींना दार उघडले, म्हणून तिचे आम्ही स्वागतच केले. परंतु अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, ती पुन्हा झाली थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. त्या दुसऱ्या चाचणीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले. यावरून एवढे स्पष्ट होते की महाराष्ट्रात शिकवू इच्छिणाऱ्या माणसांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो नेमणुकांचा.

दुसरे कारण वेतन आणि सेवाशर्तींचे. २००० साली शिक्षणसेवक योजना सुरू झाली, तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा ३,००० रुपये होते. ते १६,००० रुपये होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना गेली. २००१ पासूनच्या ‘कायम विनाअनुदानित’ धोरणाने तर एक पिढीच खर्ची घातली. ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला. वीस टक्के अनुदानाचा पहिला टप्पा मिळण्यास २०१६ साल आले. तोवर अनेकांनी बिनपगारी शिकविले आणि सुट्टीत मजुरी केली. अशा स्थितीत घरातील पहिला पदवीधर तलाठी, पोलीस किंवा बँकेच्या परीक्षेकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यावा?

तिसरे कारण भूगोलाचे. आपल्या जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. निफाड-सिन्नरची शाळा आणि सुरगाणा-पेठच्या डोंगरातील वाडीची शाळा कागदावर सारखीच असते; प्रत्यक्षात रस्ता, घरभाडे, दवाखाना, स्वतःच्या मुलांचे शिक्षण या साऱ्यांत महदंतर असते. २०१७ च्या बदली धोरणाने अवघड क्षेत्रात तीन वर्षे सेवा करणाऱ्यास बदलीचा हक्क दिला. शिक्षकाच्या बाजूने हे न्याय्य आहे. परंतु वाडीतले मूल घरी कोकणा किंवा वारली बोलते. त्याची बोली उमजण्यास, त्याचा विश्वास मिळविण्यास शिक्षकाला वर्ष-दीड वर्ष लागते. तो जुळतो न जुळतो तोच बदलीचा आदेश येतो, आणि रिक्त झालेली जागा लगेच भरली जाईल याची हमी नसते.

निवासी शाळेत ही हानी दुप्पट होते, कारण तेथे शिक्षक दिवसा गुरुजी आणि रात्री पालक असतो. आश्रमशाळांत रोजंदारी आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे काम झाले. त्या जागा बाह्यस्रोतातून भरण्याचे ठरताच २०२५ मध्ये रोजंदारी कर्मचाऱ्यांनी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलन मांडले. ज्याची स्वतःची नोकरी पुढच्या जूनमध्ये राहील की नाही हे ठाऊक नाही, त्याच्याकडून मुलाच्या दहा वर्षांच्या भवितव्याची आखणी आपण अपेक्षितो.

चौथे कारण अशैक्षणिक कामांचे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शिक्षणेतर कामे मान्य करते. तरीही सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी यांत आमचे तास जातात. जोतीरावांनीही शिक्षकाला जादा कामे सुचविली होती, असे कोणी म्हणेल. पण त्यांनी सुचविलेली कामे शिक्षकाला गावात मान देणारी होती. आजची कामे त्याला वर्गातून उठवून कारकून करणारी आहेत.

कायदा दुबळा नाही. प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण त्यात आहे; मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहू नयेत, असे कलम २६ सांगते. उणीव आहे ती विचारणाऱ्याची.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. शिक्षक असणे म्हणजे काय, हे त्यांना आतून ठाऊक होते. पुढे १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. त्यांचा वारसा सांगणाऱ्या समाजाने शिक्षकाचा प्रश्न केवळ शिक्षक संघटनांवर सोडून चालणार नाही.

पालकांना आमची विनंती आहे. शासकीय व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेथे दरवर्षी संचमान्यता मागावी. मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त कधीपासून, हे विचारावे. उत्तर न मिळाल्यास माहितीचा अधिकार आहे. संस्थाचालकांनी लेखी नेमणूक, वेळेवर वेतन आणि राहण्यायोग्य निवास द्यावा. शिक्षक टिकण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे बी.एड. झाले आहेत, त्यांनी आपल्या तालुक्यातील अवघड शाळा निदान पसंतिक्रमात वर ठेवावी. ज्या मुलाच्या घरात आजवर कोणी शाळेत गेले नाही, त्याला पुस्तक एक वेळ उसने मिळते. शिक्षक उसना मिळत नाही.