शटर एकाएकी जड झालं तर

प्रश्न : अन्नपूर्णा भागात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. परवा वरून 'खाड्‌' असा आवाज आला आणि तेव्हापासून शटर उचलता उचलत नाही. शेजारी म्हणतात, गंज असेल, तेल सोडा. मुलगा म्हणतो, नवंच बसवू. काय करावं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : घाबरू नका. बहुधा नवं शटर लागणार नाही. मात्र नुसत्या तेलानंही भागणार नाही. शटर खाली येताना वरच्या पाइपावरच्या स्प्रिंगा आवळल्या जातात आणि उचलताना तोच ताण पट्ट्यांचं वजन पेलतो. आवाज होऊन शटर एकदम जड झालं, म्हणजे एखादी स्प्रिंग तुटली असावी. हळूहळू जड झालं असतं, तर सैल झालेला ताण पुन्हा भरून काम भागू शकलं असतं.

पाइपावर सहसा एकाहून अधिक स्प्रिंगा असतात. बाकीच्याही तितक्याच जुन्या, तेव्हा सगळ्या एकदम बदला आणि शटरच्या वजनाला जुळतील अशाच घ्या. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत 10 चौरस मीटरहून मोठ्या शटरसाठी साखळी-हँडलची वेगळी तरतूद आहे. तुमचं तेवढं असल्यास तो पर्याय कारागिराला विचारा.

एक खबरदारी : शटर पूर्ण वर असलं तरी शाबूत स्प्रिंगांत ताण असतो. शिडीवर चढून स्वतः बोल्ट सोडू नका. ते शटरवाल्याचंच काम. तोवर जोर लावून उघडबंद टाळा आणि अर्धवट उघड्या शटरखाली कुणाला उभं राहू देऊ नका.